रजा संपण्याआधी बाळाची सोय लावताना

नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. सगळे तिला सहा महिन्यांची रजा म्हणतात आणि तिथेच हिशोब चुकतो. या २६ पैकी आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ते पूर्ण घेतले, तर कामावर रुजू व्हायच्या दिवशी बाळ १८ आठवड्यांचं असतं, म्हणजे चार महिने जेमतेम उलटलेले. मान नुकती धरलेली, पालथं पडायची खटपट चाललेली आणि वरचं अन्न सुरू व्हायला अजून जवळपास दोन महिने बाकी. शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जाऊन रजा पुढे राखलेल्या बाईचं बाळ मात्र तोवर सहा महिन्यांचं झालेलं असतं. म्हणून पहिलं काम हे: कॅलेंडर घ्या आणि रुजू व्हायच्या तारखेला बाळाचं वय काय असेल ते लिहून काढा. पुढची सगळी निवड त्यावर ठरते, कारण बरीच पाळणाघरं सहा महिन्यांखालचं आणि काही तर वर्षाखालचं बाळ घेतच नाहीत.

शोधाला सुरुवात डोहाळजेवणाच्या सुमारास करावी, असं मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगते. बाळंतपणानंतरचे पहिले अडीच-तीन महिने झोपेविना जातात; तेव्हा जिने चढून चार ठिकाणं बघायची ताकद नसते आणि विचारही सुचत नाहीत. शिवाय चांगल्या ठिकाणी तान्ह्या बाळांसाठी जागा मोजक्याच असतात. बाळ होण्याआधी असल्या गोष्टी बोलू नयेत, असं घरातली मोठी माणसं म्हणतील. त्यांचा मान ठेवा, नाव नोंदवू नका, पण दोघांनी जाऊन बघून तरी या. सातव्या महिन्यात पाहिलेली तीन ठिकाणं आणि तीन माणसं डोक्यात असली, की पुढे घाईत चुकीच्या दारी जायची वेळ येत नाही.

शोधताना मात्र आधी माणूस पाहा, जागा नंतर. आपण उलटं करतो. भिंतीवरचे हत्ती-ससे, रबरी गाद्या, एसी, मोबाईलवर दिसणारा कॅमेरा हे सगळं आपल्या डोळ्यांना दिसतं. बाळाला दिसतो एक चेहरा आणि कळतो एक हात. हे रडणं भुकेचं की झोपेचं, मान वळवली म्हणजे पोट भरलं की आवडलं नाही, हे कळायला कुठल्याही माणसाला काही आठवडे त्या बाळासोबत जावे लागतात. दर दोन महिन्यांनी माणूस बदललं, तर ही ओळख दर वेळी पहिल्यापासून. तेव्हा विचारायचे मुख्य प्रश्न तीन: माझ्या बाळाला रोज कोण घेणार? ती बाई इथे किती दिवसांपासून आहे? आणि तिच्याकडे एकूण बाळं किती? रांगायला न लागलेली तीन, फार तर चार बाळं एका बाईला नीट सांभाळता येतात. त्यापुढे ती फक्त दुपटी बदलत राहते.

आजी, मावशी की पाळणाघर

बहुतेक घरांत पहिलं नाव आजीचं निघतं. आजीसारखं माणूस नाही, हे खरंच आहे. पण आजीला विचारलं पाहिजे, गृहीत धरता कामा नये. 'आई, तुम्ही आहातच ना' हा प्रश्न नव्हे. तिचे गुडघे, तिचा रक्तदाब, दुपारची झोप, गुरुवारचं भजनी मंडळ, मैत्रिणींची भिशी यांचाही विचार त्यात आला पाहिजे. दहा किलोचं बाळ दिवसातून वीस वेळा उचलणं पासष्टीत सोपं नसतं. तिला जमणार असेल, तर सोबतीला निदान अर्धा दिवस मदतीची बाई द्या आणि आठवड्यातला एक दिवस तिचा स्वतःचा ठेवा. गावाहून येऊन राहणार असेल, तर ती किती महिने राहणार हे मोकळेपणाने ठरवा. नाहीतर दिवाळीनंतर ती परत जायची म्हणते आणि आपली धावपळ तेव्हा सुरू होते.

मतभेद होणारच. घुटी, मध, काजळ, पावडर, झोळी, या गोष्टींवरून सासू-सुनांची कटुता वाढते. यातला एक मुद्दा जिवाचा आहे: वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. असे मुद्दे आपण स्वतः सांगू नयेत. लसीकरणाला जाताना आजीलाही सोबत न्यावं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं. त्यात कुणाचाच अपमान होत नाही.

घरी येऊन सांभाळणारी ताई किंवा मावशी हा दुसरा मार्ग. बाळ आपल्या घरात, आपल्या अंथरुणात राहतं, सकाळी त्याला उठवून कुठे न्यावं लागत नाही. अडचण अशी, की दार बंद झाल्यावर आत दोघंच असतात. म्हणून चौकशी कसून हवी. आधीच्या निदान दोन घरी फोन करा आणि 'कशी होती' एवढंच विचारून थांबू नका. 'तुमच्याकडचं काम कशामुळे सुटलं' हेही विचारा. आधार कार्डाची प्रत आणि फोटो ठेवा, जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती नोंदवा. एजन्सीकडून घेत असाल, तर ती बाई सोडून गेली की दुसरी किती दिवसांत देणार आणि भरलेल्या पैशांचं काय, हे लेखी घ्या. आपण घरात असतानाच तिला निदान दोन आठवडे कामावर ठेवा. ती बाळाशी बोलते का, आंघोळीचं पाणी कोपराने तपासते का, फोन आला की बाळ हातात असतानाच घेते का, हे याच दिवसांत कळतं.

तिच्या बाजूचाही विचार व्हायला हवा, कारण आपली अर्धी स्थिरता तिच्या हातात असते. पगाराची तारीख चुकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, दिवाळीचा बोनस आधीच ठरवावा. बाळ झोपलं की भांडी, मग केर, मग पोळ्या, अशी कामं लादली की तिचं लक्ष बाळावरून उडतं आणि चार महिन्यांत ती काम सोडते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे. तिची नोंदणी झालेली नसेल, तर ती करायला मदत करा. आणि आपल्या बाळाला सांभाळायला येताना ती स्वतःचं मूल कुणाकडे ठेवते, हे एकदा विचारा. त्या मुलाची सोय नीट लागलेली असेल, तर आपलीही टिकते. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची 'पाळणा' योजना आहे आणि काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरं सुरू झाली आहेत. आपल्या वॉर्डात असं काही आहे का, हे अंगणवाडी सेविका सांगू शकते. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मुंबई मोबाईल क्रेशेससारख्या संस्था साइटवरच पाळणाघर चालवतात. ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत. मिळकत वेगळी म्हणून प्रश्न वेगळा होत नाही.

तिसरा मार्ग पाळणाघराचा. त्यात दोन प्रकार. एक, सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या काकूंचं घरगुती पाळणाघर. दोन, नाव, गणवेश, ॲप आणि वेळापत्रक असलेलं डे-केअर. वर्षाखालच्या बाळासाठी माझा कल घरगुती पाळणाघराकडे आहे, हे उघड सांगते. कारण तिथे माणूस बदलत नाही. घर काकूंचंच, सांभाळणाऱ्याही काकूच. डे-केअरमधल्या मुली बहुधा तरुण असतात, पगार कमी असतो आणि त्या बदलत राहतात. मूल दोन-अडीच वर्षांचं झालं, की त्याला सवंगडी, मोकळी जागा, चित्रं, गाणी हवीशी होतात आणि डे-केअर बरं वाटू लागतं. पण काकूंकडेही एक कच्चा दुवा असतोच: त्या आजारी पडल्या, लग्नाला गावी गेल्या, की दार बंद. त्यांच्या हाताखाली दुसरं कोणी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

बघायला जाल तेव्हा

दोनदा जा. एकदा ठरवून आणि एकदा न सांगता. न सांगता जायची उत्तम वेळ दुपारी बारा ते एक, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. बारा वाजता सगळ्यांना एकदम भूक आणि झोप लागलेली असते आणि संध्याकाळी सांभाळणारी माणसं दमलेली असतात. कुठल्याही जागेचा खरा स्वभाव या दोन वेळांना दिसतो. न सांगता आलेलं चालत नाही, असं कुणी म्हणालं, तर तिथून निघावं. पालकाला कधीही आत यायची मुभा असावी, याला अपवाद नाही.

डोंबिवलीतल्या एका घरगुती पाळणाघरात मी अशीच दुपारी गेले होते. पुढच्या खोलीत सतरंजी, खिडकीला जाळी. एक काकू मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर आठेक महिन्यांची मुलगी, वाटीत नाचणीचं सत्त्व. चमचा ओठांशी नेऊन त्या थांबायच्या. मुलीने तोंड उघडलं की घास आत. तिने मान फिरवली की चमचा खाली आणि काकू तिला खिडकीतला कावळा दाखवायच्या. पलीकडे दुसरं बाळ रडायला लागलं, तशी त्यांनी आतल्या बाईला हाक मारली; स्वतः मुलीला मधेच खाली टाकून उठल्या नाहीत. वाटी संपायला बराच वेळ लागला. मी आल्याची त्यांनी मान हलवून दखल घेतली, पण माझ्याशी बोलल्या वाटी धुऊन झाल्यावर. भिंतींचा रंग उडाला होता, खेळणी जुनी होती. तरी त्या घरी बाळ ठेवायला मला क्षणभरही विचार करावा लागला नसता. याच्या उलट, एका चकचकीत डे-केअरमध्ये पाच बाळं खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधून टीव्हीसमोर बसवलेली पाहिली. एकही रडत नव्हतं. चालवणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, 'बघा, किती शांत आहेत!' तान्ह्या बाळांची खोली सतत शांत असेल, तर तिथे काहीतरी बिनसलेलं असतं.

आता नजर खाली घ्या, बाळाच्या उंचीवर. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला काय लागतं? प्लगची भोकं, मिक्सरची लोंबती वायर, फिनेलची बाटली, रिमोटमधले बटणासारखे सेल. न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली उघडी आहे का? वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि आपल्याकडे पाणी भरून ठेवायची सवय असल्यामुळे हा धोका घरोघरी आहे. बाल्कनीचं आणि जिन्याचं दार बंद राहतं का, बाहेरच्या दाराची वरची कडी लागते का, स्वयंपाकघराला आडोसा आहे का, हे बघा. शी-शू बदलल्यावर साबणाने हात धुतात की नुसते पुसतात, हे कुणाला विचारू नका, उभं राहून बघा. मोठ्या मुलांच्या खाऊतले शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं तान्ह्या बाळांच्या सतरंजीपर्यंत पोचत नाहीत ना, याकडेही लक्ष द्या. घशात अडकलं तर काय करायचं, हे तिथल्या माणसांना माहीत असायला हवं. 'पाठीत थोपटून, मान खाली करून' असं काही उत्तर आलं, तर निदान त्यांनी विचार केलेला आहे. 'आमच्याकडे असं कधी झालंच नाही' हे उत्तर नाही.

झोपेबद्दल सविस्तर बोला. बाळाला उताणं झोपवावं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, तोंडाजवळ उशी, जाड दुपटं किंवा मऊ खेळणं नसावं. झोळीत बाळाची मान दुमडते आणि बाळ वळलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून वर्षाखालच्या बाळाला तिथे झोळीत झोपवू नका असं स्पष्ट सांगावं. ते किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, हे रोज वहीत लिहिलं जावं.

ही वही का हवी, त्याला जुनं कारण आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफू घातलेली 'बाळागोळी' देऊन झोपवून जात. त्या काळच्या सरकारी चौकशीत याची नोंद आहे. त्या निर्दय नव्हत्या. त्यांना पाळणाघर नव्हतं. आज अफू गेली, पण सर्दी-खोकल्याच्या औषधाने गुंगी येते हे अनेकांना ठाऊक आहे आणि 'जरा पातळ औषध दिलं, झोपला शांत' असं सहज बोललं जातं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ साली बजावलं आहे. तेव्हा पाळणाघरात आणि घरीही नियम एकच: आई-बाबांच्या लेखी परवानगीशिवाय एक थेंबही औषध नाही. रोज तासभर झोपणारं बाळ अचानक चार-चार तास झोपायला लागलं आणि उठल्यावरही सुस्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच, की असला तर चांगलंच, पण दिवसभर ऑफिसात मोबाईलवर बाळ बघत बसू नका. त्याने काम होत नाही आणि चिंता वाढते. दुपारच्या सुट्टीत अचानक मारलेली एक चक्कर जास्त कामाची.

दुधाचं गणित

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हे सगळे सांगतात. रजा चौथ्या महिन्यात संपत असेल तर ते कसं जमवायचं, हे मात्र थोडेच सांगतात. जमतं. रुजू व्हायच्या तीन-एक आठवडे आधीपासून दिवसातून एकदा दूध काढून साठवायला लागा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर बहुतेकींना सोपं जातं. हाताने काढलं तरी चालतं, पंप असेल तर वेळ वाचतो. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सहा महिनेही राहतं. पण आपल्याकडे मार्चपासून खोलीतलं तापमान ३० च्या पुढे जातं, म्हणून ओट्यावर ठेवायचं नाही, थेट फ्रिजमध्ये. लोकलने किंवा बसने नेताना बर्फाच्या पॅकसकट थंड पिशवी घ्या. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा; आधीचं आधी संपवायचं. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये वितळवलं तर २४ तासांत वापरायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये; गरम पाण्याच्या वाटीत डबा ठेवला की पुरे. बाळाने उष्टं टाकलेलं दूध दोन तासांनंतर फेकून द्यावं. सांभाळणारी बाई हळहळते, 'अहो, आईचं दूध आहे, टाकू कसं?' तिला हे प्रेमाने आणि दोन-तीनदा सांगावं लागतं.

पाजायला वाटी-चमचा उत्तम. बाटलीचं बूच आणि निपल नीट उकळलं गेलं नाही, तर जुलाब ठरलेले. वाटीने वेळ लागतो, म्हणून पाळणाघरात बाटलीचा आग्रह धरतात; तान्ह्या बाळांची संख्या मर्यादित असेल, तिथे हा आग्रह कमी असतो, हेही निवडताना ध्यानात घ्या. आईच्या मांडीवर असताना बाळ वाटीने पीत नाही, म्हणून सराव बाबांनी किंवा आजीने द्यावा, आई दुसऱ्या खोलीत.

कायद्याने काय मिळतं

कारखान्यांतल्या बायकांसाठी मुंबई इलाख्याने १९२९ साली देशातला पहिला मातृत्व लाभ कायदा केला. त्याआधी, १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात या विधेयकाची बाजू मांडली होती. आपण आज जी रजा घेतो, तिची सुरुवात इथली आहे, म्हणून ती मागताना संकोच नको. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. इथे कर्मचारी म्हणजे एकूण कर्मचारी. 'आमच्याकडे बायकाच कमी' हे कारण चालत नाही. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जायची मुभा आईला आहे. याखेरीज मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते. कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजेनंतर घरून काम करण्याबाबत मालकाशी आपसात ठरवता येतं. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही पाळणाघराची ही ५० ची अट कायम आहे.

हे सगळं रजेवर जाण्याआधीच एचआरशी ईमेलवर बोलून घ्या. कंपनीचं स्वतःचं पाळणाघर नसेल, तर जवळच्या एखाद्या पाळणाघराशी करार आहे का, फीचा वाटा मिळतो का, असं थेट विचारा. दोघी-तिघींनी मिळून विचारलं तर उत्तर लवकर येतं. सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा वेगळी आहे: केंद्राकडे पूर्ण सेवाकाळात ७३० दिवस, राज्य शासनाकडे १८० दिवस. ती पहिल्याच वर्षी सगळी संपवू नका. दहावीच्या वर्षापर्यंत तिची गरज पडते.

घराजवळ की ऑफिसजवळ, हा प्रश्न नेहमी येतो. ऑफिसच्या इमारतीत किंवा चालत जाण्याच्या अंतरावर सोय असेल आणि प्रवास थोडा असेल, तर पाजणाऱ्या आईसाठी ती सर्वांत सोयीची. पण कल्याण-अंबरनाथहून गर्दीच्या लोकलने तान्हं बाळ रोज नेणं, किंवा हिंजवडीच्या वाहतुकीत तास-दीड तास बाळाला गाडीत बसवणं, हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथे घराजवळचंच बरं. मग बाळाला वेळेवर आणणारी माणसं पक्की हवीत. जुलैत रुळांवर पाणी आलं आणि आई-बाबा दोघं दोन टोकांना अडकले, तर अर्ध्या तासात पाळणाघरात कोण पोचेल? अशी दोन नावं, त्यांचे फोटो आणि फोन पाळणाघरात देऊन ठेवा आणि त्या दोघांची सांभाळणाऱ्या बाईशी आधीच गाठ घालून द्या.

पैसे आणि बाबा

फी ठरवताना अनामत किती, ती परत कधी, दिवाळी-मे महिन्यात बंद असेल तेव्हाची फी, बाळ आजारी पडून आठवडाभर गेलं नाही तर काय, उशीर झाल्यास तासाचे किती, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं कागदावर घ्या. नात्यातल्या काकू असल्या तरी घ्या. नातं टिकावं म्हणूनच घ्या.

आणि ही फी आईच्या पगारातून वजा करू नका. 'तुझा अर्धा पगार पाळणाघरालाच जाणार, मग नोकरी करतेस कशाला?' हा प्रश्न घराघरांत विचारला जातो आणि तो चुकीचाच आहे. बाळ दोघांचं, तर फीही दोघांच्या एकत्र मिळकतीतून जाते. शिवाय ही फी दोन-तीन वर्षांची असते. सोडलेली नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि सुटलेली बढती यांचं नुकसान पुढची वीस वर्षं पुरतं. नोकरी थांबवायचा निर्णय एखादीने मनापासून घेतला, तर तो तिचा. पण या अर्धवट बेरजेच्या जोरावर तो तिच्यावर लादला जाऊ नये.

बाबांचं काम 'मदत' या नावाखाली राहता कामा नये. सकाळी पोचवणं त्यांचं, आणणं आईचं, किंवा उलट. आजारपणाच्या पहिल्या दिवशी रजा एकाने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. पाळणाघराच्या अर्जावर पहिला फोन नंबर बाबांचा लिहा. तिथली माणसं सवयीने आईलाच फोन करतात, हे पहिल्या आठवड्यातच बदलायला सांगा.

पहिले आठवडे

रुजू व्हायच्या निदान दोन आठवडे आधी बाळाला तिथे न्यायला लागा. पहिले दोन-तीन दिवस आईसकट तासभर. मग आई पंधरा मिनिटं बाहेर. मग एक खाणं, मग एक झोप, मग अर्धा दिवस. बाळाच्या अंगाखालचं रोजचं दुपटं धुतलेलं नव्हे, वापरातलं द्या. त्याला घरचा वास असतो. निघताना गुपचूप सटकू नका. बाळाला सांगा, हसून टाटा करा आणि लगेच निघा. सहा महिन्यांखालची बाळं बहुधा सहज रुळतात. आठव्या-नवव्या महिन्यात मात्र परकं माणूस ओळखू यायला लागतं आणि रुळलेलं बाळही दारात आईला बिलगून रडतं. पाळणाघर वाईट आहे असा याचा अर्थ लगेच काढू नका. तुम्ही गेल्यावर दहा मिनिटांनी फोन करून विचारा. बहुतेक वेळा रडणं तोवर थांबलेलं असतं.

पहिल्या काही महिन्यांत सर्दी, ताप, जुलाब येत राहणार. चार बाळं एकत्र आली की हे होतंच. ताप असेल, जुलाब-उलट्या असतील, अंगावर पुरळ असेल, तर बाळ पाठवू नका, दुसऱ्यांचंही बाळ तिथेच असतं. लसी वेळेवर द्या आणि पाळणाघर लसीकरणाचं कार्ड मागतं का, तेही बघा. मागत असेल, तर ते ठिकाण गांभीर्याने चालवलं जातं. बाळाचं वजन, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, जवळचं मुलांचं हॉस्पिटल आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर एका कागदावर लिहून तिथल्या भिंतीवर लावून या.

आणि एवढं करूनही निवड चुकू शकते. बाळ घरीही दचकायला लागलं, ठरावीक माणसाला पाहून अंग चोरायला लागलं, अंगावर न सांगितलेले वळ दिसले, दुपटं दिवसभर बदललेलं नसल्याने कातडी सोललेली दिसली, वजन वाढायचं थांबलं, किंवा विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं रोज वेगळी यायला लागली, तर 'आता कुठे दुसरं शोधायचं' म्हणून रेटत राहू नका. वळ किंवा मार दिसला, तर फोटो काढून बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांत कळवा; तिथे इतर बाळंही आहेत. बाकी कारणांसाठी सोडताना मुदतीची फी बुडाली तरी बुडू द्या, आठवडाभर दोघांनी आलटून पालटून रजा काढा आणि शोधाच्या वेळी पाहिलेल्या उरलेल्या दोन ठिकाणी फोन लावा. नवीन माणसाकडेही बाळाला एकदम दिवसभर सोडू नका. पहिले काही दिवस पुन्हा तासातासानेच वाढवत न्या.